पेलेटच्या चुलीला पोतेरं

गुरुवार, संध्याकाळ

१. मेडशीला आईची नवी चूल धुरायला लागली. तुराट्यांचा भुसा दाबून केलेल्या पेलेटवर चालते ती, मी आणून दिलेली.
२. आज वाशीमहून जाऊन उघडली. पंखा ठीक. पेलेट कोरडे. राख झाडली, तरी धूर.
३. हवेची भोकं पांढऱ्या मातीने बुजलेली.

आई रोज सकाळी तिला ओल्या मातीचं पोतेरं देत होती. पत्र्याच्या चुलीला!

"काहून?" मी विचारलं.

"चूल हाय ना ते? बिनपोतेऱ्याची पेटवते का कोनी? इंजिनेर झाली अन् घरची रीत इसरली. आता धुरली तं मी आपली मातीचीच मांडतो."

राख कशी काढायची ते मी शिकवलं होतं, पंखा शिकवला होता. हे कसं सुचलं नाही? भोकं बघताना हसू आलं, ते आवरलं.

सुईने एकेक भोक मोकळं केलं. पोतेरं देऊ नकोस, असं म्हणवलं नाही. पर्समधल्या नेलपॉलिशने भोकांच्या वर रेघ मारली. रेघेच्या वर तिची माती, खाली फक्त कोरडा ब्रश.

"आता चुलीलेही नखरे," आई म्हणाली. पण भाकर टाकली, आणि एकदाही पदर डोळ्यांना लावला नाही. त्यासाठीच तर आणली होती.

परतताना बसमध्ये नखांत पांढरी माती दिसली. राहू दिली. घरी आल्यावर तिला मोबाइलवर लिहिलं: आई, रविवारपर्यंत बघून कळव, भाकरी करताना डोळ्यांत पाणी येतं का?