बिहीच्या मुरांब्यावरचे झाकण

मी, ऑनर ट्रेमलेट, कै. निकोलस ट्रेमलेट यांची विधवा, राहणार एल्मकूम्ब, परगणा डेव्हन, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पाय सुजले आहेत, खोकला पाठ सोडत नाही, पण डोके ठिकाणावर आहे; ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी अर्धा तास भांडून पाहावे. हे मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस या परगण्यात अजून जन्मायचा आहे. मी सांगते आणि पाद्री पास्क लिहून घेतात.

आत्मा देवाच्या हवाली. देह चर्चमध्ये निकोलसच्या डाव्या हाताला पुरावा. उजवीकडे माझे दीर गॉवेन यांचे बाक आहे, तिकडे नको.

पाणचक्की आणि ओढ्याकाठची कुरणे माझी एकुलती मुलगी थॉमसीन हिला. यावर तंटा आहे, म्हणून सविस्तर सांगते. माझ्या लग्नात सासऱ्यांनी ही मिळकत मला आणि माझ्या लेकरांना लिहून दिली. रीतीप्रमाणे दस्त एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहिला आणि मधोमध नागमोडी कापला, म्हणजे खरे दोन तुकडेच एकमेकांना जुळावेत. एक अर्धा सासऱ्यांकडे राहिला, त्यांच्यामागे तो गॉवेनकडे गेला. दुसरा आमच्याकडे होता. नऊ वर्षांपूर्वी निकोलस गेला, आणि आमचा अर्धा काही केल्या सापडेना. गॉवेनने महिन्याभरात चक्कीचा ताबा घेतला. वर चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर म्हणाला, “वहिनी, उगाच कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता? तुमचा तुकडा आणा. माझ्या तुकड्याला कडेला कड बसली, तर टोपी हातात घेऊन चालता होईन!” लोक हसले. कोण कोण हसले ते माझ्या लक्षात आहे.

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय मी मरणार नाही.

ग्रिसेल यो वीस वर्षे माझ्या हाताखाली होती. तिचा भाऊ गॉवेनच्या तबेल्यात. मी दोन अधिक दोन पाच केले आणि तिला म्हटले, “तूच विकलास दस्त.” ती रडत म्हणाली, “बाईसाहेब, मला अक्षरओळख नाही. कुठला कागद मोलाचा न कुठला चुलीत घालायचा, मला काय कळणार?” मी ऐकले नाही. त्याच संध्याकाळी तिची पेटी अंगणात ठेवली. त्यानंतर तिला कुठल्याच चांगल्या घरात काम मिळाले नाही.

गेल्या महिन्यात माझा खोकला वाढला, म्हणून थॉमसीनने कोठीच्या मागच्या फळीवरची बिहीच्या, त्या पिवळ्या तुरट फळाच्या, मुरांब्याची बरणी काढली. ती मी निकोलसच्या शेवटच्या आजारात त्याच्यासाठी केली होती. तो चाखायच्या आत गेला. मग ती बरणी उघडायचा मला धीर झाला नाही, आणि दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नाही. थॉमसीनने वरचे बांधलेले चर्मपत्र सोडून उलटे केले. एकदम ओरडली, “आई, या झाकणावर आजोबांची सही आहे गं!”

ते मी बांधले होते. माझ्या या हातांनी. निकोलसला धाप लागली होती, त्याच्या मेजावरचे जे हाताला आले ते घेतले, लिहिलेली बाजू आत केली आणि दोरा आवळला. मोहर दोऱ्याखाली मोडली आहे, पण अक्षर न अक्षर शाबूत आहे आणि नागमोडी कडही. मला वाचता येते, ग्रिसेलला येत नाही. तरी चोर तीच ठरली.

म्हणून थॉमसीनने हा तुकडा घेऊन न्यायाधीशांसमोर गॉवेनचा तुकडा मागावा आणि कडेला कड लावावी. तडजोड करू नये. अर्धे कुरण देतो म्हणाला तरी करू नये. गॉवेनला माझ्याकडून ती बरणी द्यावी, रिकामी, घासून.

औषधे गाळण्याचे माझे भांडे, सुऱ्या आणि खल थॉमसीनला. तिने मनाला येईल त्याच्याशी लग्न करावे, किंवा करू नये. माझ्या वडिलांनी त्यांच्या मृत्युपत्रात मला लग्नासाठी दुसऱ्यांच्या संमतीची अट घातली होती. ती मला आयुष्यभर बोचली, म्हणून इथे नाही.

~~चक्कीशेजारचे खोपट ग्रिसेल यो हिला, तिच्या हयातीपर्यंत.~~

हे कलम खोडले आहे, ते असे. मी ग्रिसेलला घोडा पाठवून बोलावले. आली, पण उंबऱ्यावरच उभी राहिली. मी सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली आणि पाद्रींना हे कलम तिला वाचून दाखवायला लावले. ती म्हणाली, “साक्षीला कोण कोण हाय?” नावे सांगितली. “त्यात मला घ्या.”

पाद्री म्हणाले, “अगं, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. एक काहीतरी निवड.”

“मग खोपट खोडा. नऊ वर्सं गाव मला चोर म्हणतंय. चोराची साक्ष कोण घेतं का? माझी घ्या.”

मी पुष्कळ समजावले. ती माझ्याहून हट्टी निघाली, आणि तसे या घरात आजवर कोणी निघाले नव्हते. खोडले. तिची खूण सर्वांच्या वर घ्यावी. माझ्या चुकीचा मजकूर पाद्रींनी येत्या रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचावा. मी मरेपर्यंत थांबू नये.

थॉमसीन या मृत्युपत्राची एकमेव व्यवस्थापक. या कागदात मी जे लिहिलेले नाही, ते तिला ठाऊक आहे. चक्की हातात आली की खोपटाचे छप्पर थंडीपूर्वी शाकारून घ्यावे, एवढेच सांगते.

स्वहस्ते: ऑनर ट्रेमलेट

साक्षीदार:
ग्रिसेल यो, तिने स्वतः काढलेली खूण ✕
ऑलिव्हर पास्क, पाद्री
ह्यू डॅबर्न, शेतकरी

एल्मकूम्ब, सेंट ल्यूकच्या सणाचा दिवस, १८ ऑक्टोबर १६३१