वाजतगाजत बुडवलेला भुसा

४ फेब्रुवारी

दारू! कुठून काढली यांनी दारू? मी पाठवलेला मथळा — ‘लाकडाच्या भुशातून साखर: मंजुषाचा प्रयोग’. आज छापून आलेला — ‘वडाच्या भुशाची दारू?’ प्रश्नचिन्ह पेपरच्या डेस्कवरच्या पोरांनी दयाबुद्धीने ठेवलं असावं. संस्कृत पाठशाळेत एवढी वर्षं घासली, पण ‘संपादन’ या शब्दाचा असा अर्थ एकाही कोशात सापडला नाही.

बातमी किती साधी होती! मंजुषा पुण्यात रसायनशास्त्र शिकून, तिथंच नोकरी करून गावी परतली. कल्याणरावांच्या आरा मशीनमागे जो वडा-पिंपळाचा भुसा नुसता साचत होता, तो ती आपल्या शेडमध्ये सौम्य आम्लात शिजवते, मग एन्झाइम घालते. लाकडात अडकलेली साखर सुटते. चहात टाकायची नव्हे; टूथपेस्टपासून औषधांपर्यंतच्या कारखान्यांना लागणारी. मागे उरणाऱ्या तपकिरी गाळातून प्लायवूडचा डिंक होतो. महिनाअखेरीस संभाजीनगरहून प्लायवूडवाले तो बघायला येणार आहेत. पसंत पडला तर तिची शेड चालणार. नाही तर पुन्हा पुणे, पुन्हा कुणाची तरी नोकरी. शेवटी मी एकच ओळ लिहिली होती — या साखरेपासून इंधनाचं अल्कोहोलही होऊ शकतं. डेस्कने नेमकी तेवढीच वाचली!

५ फेब्रुवारी

आरा मशीनवर गर्दी. गावातल्या झाडून सगळ्या उत्सवांचा अध्यक्ष परमेश्वर पुढे. “वडा-पिंपळाची दारू काढता व्हय? देवाची झाडं हायेत ती!”

रस्ता रुंद करायला गेल्या उन्हाळ्यात हीच झाडं आडवी केली, तेव्हा ओंडके वाहायला ट्रॉली कुणाची होती? परमेश्वरची! “तेव्हा देव कुठं गेलता?” मी विचारलं.

“शास्त्री, तुमी मधी पडू नका. बातमी तुमचीच हाय.”

तेही खरं. माझं नाव मात्र डेस्कने अगदी अचूक छापलंय.

कल्याणरावांनी मला बाजूला घेतलं. “मला ह्याच गावात धंदा करायचाय वो. पोरीला भुसा देत न्हाई आता.” मग ढिगाचं काय? वडा-पिंपळाचं लाकूड इथं कुणी चुलीत घालत नाही, म्हणजे जाळायची सोय नाही. निकाल परमेश्वरने दिला — गावतळ्यात विसर्जन!

६ फेब्रुवारी

“या काका. चहा घेणार का दारू?” मंजुषा हसली, पण मागची पातेली रिकामी. डिंकाचा नमुना अर्ध्यावर अडकलाय. “भुसाच नसला तर त्या लोकांना दाखवू काय? माझं तोंड?” मग हसू गेलं. “तळ्यात तेवढं टाकू देऊ नका. एवढा भुसा कुजला की पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकील. मासे गुदमरतील.”

परमेश्वरला ती सांगून आली म्हणे. त्याचं उत्तर — “देवाच्या झाडानं मासं मरत्यात व्हय? लई शिकलीस!”

तिचा इशारा बातमी करून पाठवला. मथळ्यात मुद्दाम एकही द्रव पदार्थ ठेवला नाही.

७ फेब्रुवारी

नाही छापली. जागा नव्हती म्हणे. त्या जागी एका पुढाऱ्याच्या पुतण्याचा वाढदिवस!

८ फेब्रुवारी

हलगी, गुलाल, ट्रॅक्टर. गेला भुसा तळ्यात.

१९ फेब्रुवारी

तळं कोऱ्या चहासारखं काळं झालंय. काठाला मासे, पांढरी पोटं वर करून. म्हशीवाला सटवा डोक्याला हात लावून बसलेला. “वास घेत्यात अन् माघारी फिरत्यात, शास्त्री. पाणी कुठं दावू आता?”

आणि परमेश्वर? “पोरीनं ॲसिड सोडलं!” संपलं. दुपारपर्यंत लोकांनी तिच्या शेडला कुलूप ठोकलं. ज्या पोरीनं सांगितलं, तिलाच!

तेवढ्यात डेस्कचा फोन — “भुशाच्या कारखान्यामुळे मासे मेले, फोटोसह पाठवा.” मी काय बोललो ते इथंही लिहिण्याजोगं नाही. ते संस्कृतात नव्हतं, एवढंच नोंदवतो.

२१ फेब्रुवारी

तळ्याकाठी बैठक. भुसा उपसायला सगळे तयार; ठेवायला जागा मात्र जो तो दुसऱ्याची दाखवायला लागला. शेवटी माझी पाठशाळा कामाला आली.

“परमेश्वरराव, विसर्जनानंतर मूर्तीत देव राहतो का?”

“न्हाई. जातो की.”

“मग उरते ती?”

“माती.”

“आणि हा उरला तो?”

परमेश्वरने तोंड उघडायच्या आत सटवाच ओरडला, “भुसाच की बे! द्या त्या पोरीला!”

मान्य! उद्या उपसा. ॲसिडचं नाव कुणी काढलं नाही, माफीचंही नाही. पण कुलूप परमेश्वर स्वतःच्या हाताने काढणार. मंजुषाचा फोन लागत नाही. असू दे. सकाळी समोरासमोर सांगेन, चेहरा तरी बघायला मिळेल.

२२ फेब्रुवारी

शेडसमोर ट्रॉल्या उभ्या, खाली काळं पाणी गळतंय. परमेश्वरने कुलूप काढलं. दारात मंजुषाची आई, अंजनाबाई. “काल पहाटंच्या गाडीनं पुण्याला गेली ती. नोकरी धरली.”

कल्याणरावांनी ट्रॉलीवाल्यांना हाताने थांबवलं. मग मला म्हणाले, “शास्त्री, आता ह्ये कुठं टाकू वो?”