हजेरीवहीतली सुनंदा

पोलादपूर, मंगळवार संध्याकाळ

उद्या महाडला भाषण आहे, ‘राष्ट्राच्या विकासात ग्रंथालयांचे योगदान’. दोन ओळींपुढे सरकत नाही. डोळ्यांपुढे सुनंदाच येते.

आमच्या वाचनालयात कुणी फिरकत नाही. सरकारी तपासणीत ते बंद पडू नये म्हणून वाचकांच्या हजेरीवहीत मी रोज सकाळीच मतदारयादीतली नावं सह्यांसकट भरून ठेवतो. किती वर्षं झाली? लाजही वाटेनाशी झाली होती.

आज दुपारी वाडीतली सुनंदा आली. एमआयडीसीत पॅकिंगला जाते, सुट्टी होती. तलाठी भरतीचं पुस्तक हवं होतं. ते मी काढून दिलं. सही करायला तिनं वही ओढली आणि थांबली.

"सर, माझी सही झालेली हाय. पण मी तर कधी आलेच नाय."

तिनं मागची पानं चाळली. जागोजागी सुनंदा.

"एवढं वाचून झालंय माझं," ती म्हणाली, "मग आता कशाला बसू?"

गेली. पुस्तक टेबलावरच राहिलं.

खोडू तरी कुठून कुठून? इतक्या वर्षांत एक खरी वाचक आली, आणि वहीत तिचीही सही माझ्याच हातची आहे.