मालकाचा नंबर

१० नोव्हेंबर २०२५, अमरावती

गाडीचा भिंतीवरचा चार्जर बंद. गाडीला लावला की टक्. लगेच दुसरा टक्. लागला आणि सुटला. तीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग भरलं — लोडनं सुटला असता तर आधी गुणगुणला असता. हा कोणीतरी लांबून सोडतोय.

शुक्रवारी बायकोला, ज्योत्स्नाला, अकोल्याला न्यायचंय, डोळ्यातल्या इंजेक्शनला. तारीख चुकली तर उरलेली नजर जाईल, डॉक्टरनं बजावलंय. गाडीच्या बॅटरीत बारा टक्के, जवळचं चार्जिंग स्टेशन बंद पडलेलं. साधी चार्जिंगची वायर मुलीकडे, अकोल्यात. परतताना लागते म्हणून मीच ठेवली. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळत नाही. बसच्या पायरीवरून ज्योत्स्ना मागच्या महिन्यात पडली; बस-रेल्वे नको म्हणते.

११ नोव्हेंबर

कंपनीला फोन. "मालकाच्या नंबरवरून बोला, सर." म्हटलं, मालकच बोलतोय. भिंत माझी, मीटर माझं. "आमच्याकडे मालक योगेश दिसतात."

योगेश म्हणजे चार्जर बसवणारा फिटर. तेव्हा त्यानं ओटीपी मागितला होता. मीच म्हटलं, "तुहाच नंबर टाक न बापा, मले कटकट नको."

स्क्रू काढायला पेचकस घेऊन चार्जरपुढं उभा राहिलो. उघडला तर वॉरंटी जाते. ठेवून दिला.

१२ नोव्हेंबर

योगेशनं फोन उचलला. बोलायच्या आधी थोडं हसला — ऐकलं मी.

"काका, अर्थिंगले त्या गजेंद्र वायरमनले बोलावलं न तुमी? दुसऱ्याचा हात लागला का मी फोनवरून बंद करतो. सेफ्टी."

"मग मले मालक कर."

"सर्विसले नंबर लागते, काका. सगळ्यायकडे माहाच ठेवतो मी."

हे वाक्य माझं आहे. संत्र्याच्या मळ्यांत मी पंपाला मोबाईल स्टार्टर बसवतो. शेतकरी घरून फोन लावतो, शेतात मोटर सुरू. प्रत्येकात पहिला, मालकाचा नंबर माझा. सर्विससाठी.

१३ नोव्हेंबर

योगेशला फोन करून म्हणालो, "यापुढं दुसऱ्याले नाही बोलावणार." अठ्ठावन्न वर्षांचा मी. आवाज इतका मऊ झाला की मलाच ओळखू येईना.

दुपारी टक्. एकच. ज्योत्स्ना आतून, "लागला वाटते!" तिचेही कान तिकडेच.

१४ नोव्हेंबर, अकोला

इंजेक्शन झालं. चार्जरचा मालक अजून योगेशच.

१६ नोव्हेंबर, शेंदूरजनाघाट

संत्र्याचे शेतकरी खुशालराव, त्यांच्या स्टार्टरमधून माझा नंबर काढला, त्यांचा टाकला. "आतापर्यंत कोन होतं मंग मालक?" हसत विचारलं त्यांनी. मीच होतो, सांगितलं. मग एप्रिलचंही सांगितलं — त्यांनी वरुडचा मेकॅनिक बोलावला, त्यानंतर चार दिवस मोटर लागली नाही, आंबिया बहराची फळं गळाली. लाइनचा दोष नव्हता; माझ्या फोनवरून बंद होती.

खुशालरावांनी कप बशीत ठेवला. टक्.