बंद घराचा कागद

गुरुजी, तुम्ही दिलेली फळी मांडीवर घेऊन लिहितो आहे. तिची एक कड झिजून गुळगुळीत झाली आहे आणि वर तुम्ही चिमटा ठोकला होता तिथं फक्त दोन गंजकी भोकं उरली आहेत. तरी तिच्यावर कागद टेकवला की हात आपोआप तसाच वळतो, कुणाच्या तरी दारात उभ्यानं लिहीत असल्यासारखा. बाहेर कडक ऊन आहे. पूर्वी या वेळेला गिरणीचा भोंगा व्हायचा. आता होत नाही. भोंगा गेला की माझे कान गेले, हे विचारायलाही घरात कुणी नाही.

मी तुमच्या वर्गात पहिल्यांदा बसलो तेव्हा तुम्ही कविता समजावून सांगायच्या आधी टेबलावर बोटांची पेरं वाजवून तिची चाल ऐकवली होती. अर्थ नंतर, म्हणालात, आधी ती चालते कशी ते बघा. त्या दिवसापासून मी बिघडलो. पुढं त्याच शाळेत तुमच्या हाताखाली मास्तर झालो, तरी डोक्यात वृत्तंच वाजत राहायची आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत ‘कविराज’ म्हणायचात. त्या काळी तरुणांना एकच ठाऊक होतं, देशासाठी काहीतरी करायचं. कुणी मिरवणुकीत जात होतं, कुणी तुरुंगात. मला वाटलं होतं तुम्ही आम्हाला पोवाडे लिहायला सांगाल. तुम्ही सांगितलंत ते वेगळंच. हातानं रेघा मारून केलेले कागद आमच्या हाती दिलेत आणि म्हणालात, “भवानी पेठेत जा. विणकरांच्या घरात माणसं किती, पाणी कुठून आणतात, पोरं शाळेत जातात का, कोण काय काम करतं, विचारून या. देश देश म्हणता, तो राहतो कुठं ते एकदा बघून तरी या.”

आणि तुमचे ते नियम. प्रश्न वाचून दाखवायचा नाही, गप्पा मारत विचारायचा. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहायचं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं, तेही उत्तरच आहे. घर बंद असेल तर ‘घर बंद’ लिहून पुढं जायचं. “रिकामा रकाना खोटं बोलत नाही,” म्हणायचात तुम्ही. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. उतरवून घेतलं की पाळलं, असं त्या वयात वाटतं.

पेठेतल्या बायका आम्हाला घरपट्टीवाले समजायच्या. एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “लिवा की मास्तर, ढेकणं किती हायत ते बी लिवा. त्यांची पट्टी लई होईल बघा.” गल्लीभर हसू पसरलं आणि मग दारं उघडली. बहुतेक घरांतून तेलुगू बोलली जायची. या मावशी मराठीच्या, पण जन्म त्याच गल्लीत गेलेला, त्याच माझ्या दुभाषी झाल्या. टोकाच्या घरी एक तरुण बाई रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिचं तोंड मला आता आठवत नाही, हात आठवतो. मी विचारलं, तुम्ही काय काम करता? तिनं वर न बघता म्हटलं, “एमी लेदु.” मावशी म्हणाल्या, “काय न्हाय, म्हनती.” मी लिहिलं, काम : काही नाही. सगळ्या गल्लीत बायकांनी हेच सांगितलं आणि सगळ्या कागदांवर मी हेच लिहिलं, सुंदर वळणदार अक्षरात.

तो गठ्ठा घेऊन मी तुमच्या घरी येतो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, कारण तेवढीच एक जागा थंड. काकू उखळात शेंगाची चटणी कुटताहेत. तुम्ही कागद चाळता, चाळता, आणि चष्मा कपाळावर चढवून मला अगदी सहज विचारता, “कविराज, आमच्या घरात तुमच्या काकू काय काम करतात?” मी गडबडून म्हणतो, “काही नाही... म्हणजे घरीच असतात.” उखळातला आवाज थांबतो. काकू मुसळ हातात तसंच धरून म्हणतात, “ऐकलंत का? मी काही करत नाही. उद्यापासून चटणी आपली आपण कुटली जाईल हो.” मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत. “ती बाई ‘काही नाही’ म्हणाली तेव्हा तिचा हात काय करत होता?” एवढंच विचारलंत. मी म्हटलं, कांड्या भरत होती. “मग तू पाहिलंस आणि लिहिलं नाहीस. तिच्या कांड्यांशिवाय नवऱ्याचा माग एक वीतभर चालेल? ती स्वतःला मोजत नाही, गावही मोजत नाही. निदान आपण तरी?” पूर्ण गल्ली पुन्हा कर, म्हणालात. या खेपेला काम विचारू नकोस. सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते विचार. निघताना काकूंनी हातावर चटणी-भाकरी ठेवली, पण तीही जरा फुरंगटूनच.

मी पुन्हा केली गल्ली, गुरुजी. घरोघरी बसलो, ऐकलं, लिहिलं. बायका आधी लाजायच्या आणि मग सांगू लागल्या की थांबायच्या नाहीत. शेवटी टोकाचं घर. दाराला कुलूप होतं. मावशी म्हणाल्या, “गेली की ती. कुटं गेली, कवा येनार, कुनाला म्हाईत.” मी तिथं उभा राहिलो, तुमच्याकडून कामापुरती मागून आणलेली हीच फळी हातात घेऊन. लिहायचे होते दोनच शब्द. पण सगळ्या गल्लीत मला तिलाच विचारायचं होतं, तिच्यामुळेच तर बोलणी बसली होती. आणि माझ्या मनात तिचा दिवस सकाळपासून चालायला लागलाच होता, पायात चाळ बांधल्यासारखा. मी कुलपाकडे पाठ केली आणि लिहिलं : ‘भोंग्याच्या आधी उठते. आधी चूल, मग पाणी, मग रहाट. सूत तुटलं तर सांधते, पोर रडलं तर पायानं झोळी हलवते. हात थांबत नाही. दिवस मावळतो तेव्हा कांड्या संपतात की उजेड, ते कळत नाही.’ तिला पोर होतं की नव्हतं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरची ती सभा. गावातली मोठी माणसं बोलावली होतीत तुम्ही. अशी पाहणी दर पेठेची व्हावी, त्यासाठी कायमचं मंडळ असावं, तरुणांना ते शिकवावं, हे मागायला. पहिल्याच रांगेतले एक वकील उठून म्हणाले, “मास्तर, पोरं तुरुंगात जाताहेत आणि तुम्ही बायकांना घागरी किती भरता ते विचारत हिंडता?” लोक हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “ती पोरं सुटून आली की राज्य आपण करणार ना, वकीलसाहेब? कुणाचं करायचं, ते आधी माहीत नको?” आणि मग तुम्ही गठ्ठ्यातला एक कागद काढलात. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. पहिल्याच शब्दाला मी ओळखलं, तो टोकाच्या घराचा होता. तुम्ही तो कागद कवितेसारखा वाचलात. हात थांबत नाही, म्हणालात आणि क्षणभर थांबलात. वकील खाली बसले होते, तेच पुन्हा उठले आणि त्यांनी त्यांच्या माडीवरची खोली मंडळाला दिली. एका छापखानेवाल्यानं पुस्तिका छापून देतो म्हटलं. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “ऐकायला शिकलास,” म्हणालात, आणि तुमची ही फळी मला कायमची दिलीत. मी वाकून नमस्कार केला. खाली वाकल्यावर तोंड दिसत नाही, याचा एवढा आधार पुन्हा कधी वाटला नाही.

सांगायला मी तीनदा आलो होतो. एकदा तुमच्याकडे पाहुणे होते. एकदा तुम्ही पुस्तिकेची मुद्रितं तपासत होतात आणि तो उतारा पहिल्याच पानावर होता. तिसऱ्यांदा तुम्ही तापानं अंथरुणाला खिळला होतात. काकू उशाशी पाण्याच्या पट्ट्या पिळत होत्या. मी म्हटलं, गुरुजी, एक सांगायचं होतं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “सांगू नकोस. म्हण काहीतरी.” मी पाचवीतली कविता म्हटली. तुमची बोटं गोधडीवर हलत होती, चाल धरून. आठवड्यानं तुम्ही गेलात. माडीवरची खोली काही वर्षं चालली, मग तिथं सुताचे गठ्ठे आले आणि आपला कागदांचा गठ्ठा माझ्या घरी.

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा एक मुलगी आली. कॉलेजात समाजशास्त्र शिकते, हातात आपल्या पुस्तिकेची झेरॉक्स. जुन्या पाहणीतलं हयात कुणी आहे का, शोधत आली होती. मला आजोबा म्हणून हाक मारली, पण बसा म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसली नाही. तुम्हाला आवडली असती. म्हणाली, “आजोबा, माझी आजी जन्मभर कांड्या भरायची. तिच्याबद्दल कुठं एक ओळ लिहिलेली नाही. ह्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं, तर आजीच वाटली की मला. आमच्या सगळ्या वर्गाला पाठ आहे हे.” आणि तिनं ते म्हणून दाखवलं. आधी चूल, मग पाणी, मग रहाट. तिच्या तोंडी ते इतकं खरं वाटत होतं, गुरुजी, की मी मान डोलावली. तिला तिच्या प्रबंधाची सुरुवात त्यानंच करायची होती. जाताना तिनं सहज विचारलं, “ती बाई बोलायची कशी हो? आवाज कसा होता?”

मी म्हटलं, “तो उतारा घेऊ नकोस बाळ. त्या घराला कुलूप होतं.”

ती दारातून परत आली. मग खाली बसली. “म्हणजे हे कुणी सांगितलं?” कुणी नाही, मी लिहिलं. “मग ती बाई खरंच काय करायची दिवसभर?” माहीत नाही. “गेली कुठं?” तेही माहीत नाही. मला वाटलं रागावेल, निदान रडेल. डोळे भरले होते तिचे, आजी दुसऱ्यांदा हरवल्यासारखे. पण तिनं पेन उघडलं, उताऱ्यावर एक सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं, घर बंद. माहीत नाही. मला न विचारता. तिला कुणी शिकवलं असेल हो हे? मग म्हणाली, “बाकीची घरं तर खरी आहेत ना? मग त्यांतल्या बायका काय म्हणाल्या ते सांगा.” आणि आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो. ढेकणांची पट्टी ऐकून ती खूप हसली. तो रिकामा रकाना तिनं तसाच ठेवला आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी करून त्या जुन्या गठ्ठ्यात टोकाच्या घराच्या जागी ठेवतो आहे. तुमच्या पाया पडून सगळं सांगितलं, आता उरलं नाही काही, असं लिहून थांबणार होतो. पण एक उरलंच आहे. तिनं ती रेघ मारली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, वाईट वाटलं. ओळी चांगल्या होत्या, गुरुजी.