उकिरड्यापाशी बोललेला शब्द

बुलढाणा,
हरभरा सोंगणीचे दिवस, १९६३

प्रिय बा,

बापाला 'तीर्थरूप' लिहितात, हे मला ठाऊक आहे. पण तीर्थरूप लिहिलं की माणूस लांब उभा राहून हात जोडतो, आणि आज मला जवळ बसायचं आहे. पत्र वाचून दाखवणाऱ्या माणिकराव गुरुजींना नमस्कार. गुरुजी, बा मधेच उठून गोठ्याकडे निघाले तर मागंमागं जा, पण सगळं वाचा.

आधी बातमी, कानावर आली असली तरी माझ्या तोंडून ऐका. रुख्मिणीला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. पोरगी सावळी, नाक थेट तुमचं, आणि आवाज असा खणखणीत की मी मिशन दवाखान्याच्या बागेत वांग्यांना पाणी देत होतो तिथवर पोचला. आधीची दोन्ही लेकरं न रडताच गेली होती. हिचं रडणं ऐकलं आणि मी बादली टाकून पाटातच बसकण मारली. धोतर चिखलानं भरलं म्हणून रुख्मिणी अजून हसते.

मायचा निरोप पोचला, तो असा: पोरीले सुपात घालून उकिरड्यावर ठेव, शेजारणीले उचलू दे, मूठभर कोंडा देऊन परत घे, नाव दगडी ठेव, आन् तू तिले चारचौघात माही म्हणू नको. मायवर मी रागावलो नाही. माझ्या आधीची तिची लेकरं गेली आणि मी तेवढा जगलो, तो याच उपायानं, असं ती धरून आहे. कुणाचंच नसलेलं लेकरू, लेकरं नेणाऱ्या सटवीच्या नजरेत भरत नाही म्हणतात. म्हणून तर मी कचरू.

पण बा, तो उपाय मला किती जड गेला, ते तुम्हाला कधी बोललो नाही. माझं झबलं मागून आणलेलं, टोपी दुसऱ्याच्या पोराची. डोणगावच्या बाजारात काकाचा कडूबा तुमच्या खांद्यावर, आणि मी तुमच्या धोतराचा सोगा धरून मागं. कुणी विचारलं, हे कोनाचं लेकरू? तर तुम्ही दुसरीकडे बघून म्हणायचात, सापडलं उकिरड्यावर. लोक हसायचे. मला वाटायचं, खरंच सापडलो असेन.

महाराष्ट्र झाला त्या साली मी बाप्तिस्मा घेतला. तुम्ही भांडला नाहीत, फक्त पाठ फिरवून बैलांना कडबा टाकत राहिलात. इथले पाद्री दयारामबाबा सांगायचे, देव बाप आहे, त्याला बाप म्हणून हाक मार. माझ्या तोंडून ती हाक निघेचना! मी आपला मालक म्हणायचो, धनी म्हणायचो. बाप म्हटलं की डोळ्यांपुढं पाठच यायची. दयारामबाबा म्हणाले, घाई काऊन करतं? तो थांबते.

मग मागच्या उन्हाळ्यात तुमच्या शेजारची गोजरबाई मोतीबिंदू काढायला इथं आली. डोळ्यांवर पट्टी, पण तोंड मोकळं! आमच्या ओसरीवर भाकर खाता खाता तिनं मला ती पहाट सांगितली. मला उचलायचं काम तिचंच होतं. सूप उकिरड्यावर ठेवलेलं, तुम्ही आत भिंतीकडे तोंड करून बसायचं असं ठरलेलं. तेवढ्यात एक कुत्रं हुंगत आलं आणि मी रडलो. गोजरबाई पदर खोचेपर्यंत तुम्ही अनवाणी धावत आलात, शेणात गुडघ्यापर्यंत रुतलात, मला छातीशी धरलं आणि साऱ्या आळीदेखत ओरडलात, "माहं लेकरू हाय!" बायांनी कपाळावर हात मारले. मायनं तर हंबरडा फोडला, आता सटवीनं ऐकलं म्हणून. आणि त्या धास्तीनं तुम्ही पुन्हा तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. मी जगावं म्हणून जिभेवर दगड ठेवलात, हो ना बा?

दुसऱ्या दिवशी वांग्यांची खुरपणी करता करता माझ्या तोंडून आपसूक निघालं, बा. वर बघून. डोळ्यांना धार लागली, आणि छाती अशी हलकी झाली की सांगता येत नाही. ज्याला मी पाठमोरा समजत होतो तो तर धावत आलेला होता. तेव्हापासून मी देवाशी दिवसभर बोलत असतो. वांग्यांवर मावा पडला तरी त्याला सांगतो, रुख्मिणीशी वाजलं तरी त्याला सांगतो. ती म्हणते, धनी वांग्यांसंगं बोलून राह्यले. बोलू दे. खरं सांगतो बा, मी सुखात आहे. खांद्यावर बसल्यासारखा आहे.

तरी निरोप ऐकून भ्यालोच. रुख्मिणीही म्हणाली, ठेवून पाहू, जाते काय आपलं? मी पोरीला सुपात घेऊन बागेमागच्या खताच्या ढिगापाशी गेलो आणि तिथंच थबकलो. तिला खाली ठेवायला हात तयार होईनात. तुमचेच हात आहेत, कसे होतील? ती जगेलच असं देवानं मला लिहून दिलेलं नाही. पण जितके दिवस आहे तितके दिवस ती उघड उघड आपली असू दे. मी तिला तशीच घरी आणली.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत तिचं नाव ठेवायचं आहे. आमच्याकडे रीत अशी की घरातलं वडील माणूस लेकरू उचलून पुढं उभं राहतं आणि दयारामबाबा विचारतात, हे लेकरू कुणाचं? मायला घेऊन शनिवारच्या एस.टी.नं या. तुम्हाला प्रार्थना म्हणायला कुणी लावणार नाही, तुमचा देव सोडायला कुणी सांगणार नाही. पोरीला उचलायचं आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. उत्तर तुम्हाला येतं. तेव्हा ओरडला होतात तेवढ्याच जोरात म्हणा, कारण दयारामबाबांना कमी ऐकू येतं, आणि मला ते एकदा माझ्या कानांनी ऐकायचं आहे.

तुमचाच,
कचरू