दादांच्या सत्काराचा नारळ

मुलुंड (पूर्व),
श्रावणातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप सुलक्षणावहिनी यांस,

तुमच्या मालकीचा एक नारळ आणि एक शाल गेले अकरा दिवस माझ्या घरात पडून आहेत. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

नमस्कार वाकून केला आहे असं समजावं (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनातच करावा लागतो, पण मनात मी पूर्ण वाकते). तुमची साखर आटोक्यात असेल आणि सकाळचं पाणी वेळेवर येत असेल अशी अपेक्षा आहे. माझं ठीक. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, उजव्याचा दिवाळीनंतर. सोबत घरचं कोणीतरी हवं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी रिक्षावाल्याला वर घेऊन गेले. भला माणूस. त्याने 'नातं' या रकान्यात 'भाऊ' लिहून सहीसुद्धा केली. भाऊजी गेले तेव्हा मी दिंडोशीला आले होते. तुम्ही "चहा घेणार?" विचारलंत, मी "नको" म्हटलं. सत्तावीस वर्षांतलं आपलं हे सर्वांत मोठं संभाषण. त्या मानाने पत्र लांबेल, चष्मा लावून बसा.

तर दशरथ कोचरेकर. हो, तेच. आपल्या एका घराचे दोन गणपती करणारे दशरथदादा. तीन वर्षांपूर्वी ते आमच्याच सोसायटीत, 'सी' विंगच्या पहिल्या मजल्यावर राहायला आले, मुलीकडे. (मुलगी श्रुतिका. गोरेगावला बँकेत आहे. वडिलांच्या नावाने शिव्या आणि हार दोन्ही लहानपणापासून झेलल्यामुळे तिचा चेहरा कायम काउंटरवर बसल्यासारखा असतो.) ज्या माणसाच्या नावाने मुलुंडपासून दिंडोशीपर्यंत दुकानांची शटरं पडायची, तो माणूस आता संध्याकाळी चाकांचा वॉकर ढकलत गेटपर्यंत येतो आणि वॉचमनला विचारतो, "कोण आलेला?" कोणी आलेलं नसतं. मी खिडकीतून बघत असते. सुरुवातीला मला त्यात समाधान वाटायचं, हे लपवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, चौदा महिन्यांचा संप पुकारून ऐन वेळी मंत्रिपदाची शपथ घेणारा माणूस तो. ह्यांच्या कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशी हे जेवणाचा डबा तसाच भरलेला परत घेऊन आले. तो डबा मी अजून वापरत नाही. आणि त्याच माणसाने सही केली म्हणून तुम्हाला दिंडोशीच्या वसाहतीत डोक्यावर छप्पर मिळालं, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते.

या माणसाला एक्क्याऐंशी पूर्ण झाली, तेव्हा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन सोसायटीने साजरं करावं असं आमच्या सेक्रेटरीच्या डोक्यात आलं. सेक्रेटरी यज्ञेश, वय अडतीस. मुलगा कष्टाळू आहे, पण पुनर्बांधणीची फाईल पालिकेत अडकल्यापासून त्याला कोणीही माणूस दिसला की त्याच्यात वशिला दिसतो. दादांच्या एका फोनने फाईल हलेल असा त्याचा होरा. (दादांच्या फोनवर गेल्या महिन्यात आलेला एकमेव कॉल गॅसवाल्याचा होता. हे श्रुतिकाने सांगितलं.) यासाठी पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा भरली. वहिनी, तुम्ही असायला हव्या होतात. एरवी आमच्या सभेत माणसं मोबाईलवर अंगठे दाखवून मतदान करतात आणि वडापाव घेऊन घरी जातात. त्या दिवशी मात्र पंचेचाळीस मिनिटं अस्सल भांडण झालं. "आमच्या टेकडीवर नळ कोणी आणला? तुमच्या काकांनी?" "आणि बस कोणी जाळली, नळाच्या पाण्याने विझवायला?" "तुम्ही तेव्हा कुठे होता हो?" "त्याच बसमध्ये!" एका बाईंनी चप्पल हातात घेतली (घालण्यासाठी, पण परिणाम चांगला झाला). मागे बसलेल्या एका तरुण जोडप्याने मला हळूच विचारलं, "आंटी, दादा म्हणजे ते पार्किंग चौदावाले काका ना?" त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मला हे भांडण संपायला नको आहे. मी उठले आणि या माणसाचा सत्कार म्हणजे आठवणशक्तीचा अपमान आहे, असं खणखणीत बोलले. यज्ञेश म्हणाला, "बाईंचं मराठी बघा काय शुद्ध आहे! मानपत्र बाईच लिहितील." आणि टाळ्या वाजवून सभा संपली. एकतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षिका म्हणून जो बोलेल त्याच्याच गळ्यात मी काम घातलं, ते असं फेडावं लागलं.

मानपत्राचे चार मसुदे केले. पहिला वाचून यज्ञेश म्हणाला, "बाई, हे आरोपपत्र आहे." दुसऱ्यात मी सगळं गोड लिहिलं आणि मलाच आम्लपित्त झालं. तिसरा लिहिताना शेजारच्या खुर्चीकडे बघून मी मोठ्याने विचारलं, "अहो, नक्की किती माणसं कंपनीबाहेर पडली हो तुमची?" खुर्ची रिकामी होती. चार वर्षं झाली ह्यांना जाऊन, तरी आकडे विचारायची सवय जात नाही. हे नेहमी सातशे म्हणायचे, म्हणून चौथ्या मसुद्यात मी तेच लिहिलं : 'आपण चारशे घरांत नळ आणलेत आणि सातशे घरांतल्या चुली विझवल्यात. दोन्ही घरं आपल्याला विसरलेली नाहीत.' यज्ञेशने फक्त 'नळ आणलेत'पर्यंत वाचलं, 'वा' म्हणाला आणि लॅमिनेशनला दिलं.

आता समईकडे वळते, कारण समईशिवाय औक्षण नाही. औक्षणाला टेबलाच्या दोन बाजूंना दोन समया हव्यात असं श्रुतिका म्हणाली. माझ्याकडे एकच. दुसरी कुठे आहे हे तुम्हाला सांगायला नको, पण एक गोष्ट कदाचित सांगायला हवी. सत्तावीस वर्षांपूर्वी विसर्जनाच्या आदल्या दिवशी, दादांना घरी दर्शनाला बोलवायचं की नाही यावरून दोघे भाऊ भिडले, तेव्हा दोन्ही समया सुट्या करून मी बाल्कनीत घमेल्यात, चिंचेच्या पाण्यात टाकल्या होत्या. भाऊजींनी रागाने घमेल्यात हात घालून एक बैठक, एक दांडा, एक मोर असे उचलले, ओल्या पिशवीत कोंबले आणि तुम्ही सगळे निघालात. उरलेलं मी जोडायला गेले तर आटे जुळेनात. दांडा तुमच्या समईचा राहिला होता. म्हणजे माझा तुमच्याकडे. सत्तावीस वर्षं माझी समई डुगडुगते आहे. तुमचीही डुगडुगत असणारच, तुम्ही बोलला नाहीत इतकंच. मीही नाही बोलले. आट्यांत वर्तमानपत्राची घडी कोंबून काम चालवलं. आधी मुद्दाम दादांच्याच फोटोची घडी कोंबायचे (त्या काळी तो रोज छापून यायचा, कागदाला तोटा नव्हता). हल्ली त्यांचा फोटो कुठेच येत नाही, म्हणून गाद्यांची जाहिरात कोंबते. ती समई एका बाजूला आणि यज्ञेशच्या बायकोने ऑनलाइन मागवलेली, बटण दाबून पेटणारी दुसऱ्या बाजूला, अशी शोभा झाली.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये साठ खुर्च्या मांडल्या. मध्ये वाट सोडली होती, दोन्ही पक्षांना वेगळं बसता यावं म्हणून. आले सात जण. दादांचा द्वेष करणारे आले नाहीत कारण दादांचा सत्कार होता. दादांवर जीव टाकणारे आले नाहीत कारण मानपत्र मी लिहिलं होतं. बाकीच्यांना मॅच होती. सातांतले दोघं ते तरुण जोडपं. त्यांना वाटलं होतं पार्किंगची लॉटरी आहे. इस्त्रीचा झब्बा घालून, वॉकर बाजूला लावून दादा बसले आणि रिकाम्या खुर्च्या एका टोकापासून मोजू लागले. ओठ हलत होते. मला ते बघवेना, म्हणून मी लगेच वाचायला उभी राहिले.

'चारशे घरांत नळ' म्हटलं तेवढ्यात दादांनी हात वर केला. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. "चारशे न्हय बाई," ते म्हणाले, "तीनशे साठ. चाळीस नळ कोरडेच ऱ्हवले." यज्ञेश हसला, मी खाकरले आणि पुढे वाचलं. 'सातशे घरांतल्या चुली.' पुन्हा हात. "आठशे बारा." श्रुतिका हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे." ते म्हणाले, "रवाक कित्याक व्हया? यादी माझ्याकडे आसा." (राहू कशाला द्यायचं, म्हणे.) वहिनी, मी सत्तावीस वर्षं त्या माणसाशी मनातल्या मनात कमी आकड्यावर भांडत होते, आणि खरा आकडा तो स्वतःच उशाशी घेऊन झोपत होता. माझ्या हातात पेन नव्हतं, नाहीतर मी तिथेच दुरुस्ती केली असती. मानपत्र लॅमिनेट केलेलं होतं, तीही पंचाईत.

नंतर मी औक्षण करायला वाकले, तेव्हा त्यांनी विचारलं, "साटम म्हणजे कंपनीच्या गेटवरचे साटम तुमचे?" मी म्हटलं, हो, माझे मिस्टर. "आणि तो माझो माइक धरणारो साटम?" माझे दीर. "येतत काय ते?" मी म्हटलं, नाही. हे चार वर्षांपूर्वी गेले, भाऊजी दोन. त्यांनी माझ्या डुगडुगणाऱ्या समईकडे बघितलं. मग म्हणाले, "मगे आता भांडतास कोणावांगडा?" कोणाशी भांडता, असं एवढ्या साधेपणाने मला कोणी विचारलं नव्हतं. मी ताम्हन खाली ठेवलं आणि ज्योत वाऱ्याने विझली असं सांगितलं. (वारा नव्हता.)

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अंगावरची शाल काढली, नारळ त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. वीस वर्षं त्या साटमाने माझा माइक धरला, त्याला मी एक नारळसुद्धा दिला नाही, त्याच्या बायकोला द्या, असं म्हणाले. मी म्हटलं, आम्ही बोलत नाही. त्यावर ते म्हणाले, तो दोषही माझ्याच यादीत धरा. मानपत्र मात्र त्यांनी ठेवून घेतलं. श्रुतिका सांगते, ते उशाशी आहे, आणि दोन्ही आकडे त्यांनी मार्करने दुरुस्त केले आहेत.

तर असा हा नारळ. ओटीचा नाही, सत्काराचा आहे, त्यामुळे तुम्ही घेऊ नये असं काही नाही. तुम्ही इकडे येण्याची तसदी घेऊ नये. श्रुतिका रोज गोरेगावला जाते, ती शनिवारी सामान पोहोचतं करेल. माझं सगळं व्यवस्थित आहे, वेळ चांगला जातो, सोसायटीत माणसं भरपूर आहेत.

तुमची धाकटी जाऊ,
मृणालिनी साटम

ता. क. मी त्यांना माफ केलेलं नाही. हे नोंदवून ठेवा. आजकाल गेटपाशी त्यांच्याशेजारी बाकावर बसते ती फक्त यादी तपासायला. काल एकशे चाळीसपर्यंत आलो. प्रत्येक नावाला ते थांबतात.

ता. क. २ : सोसायटीत माणसं भरपूर आहेत हे खोडून वाचावं. गेल्या वर्षी गणपतीत मी एकवीस मोदक केले आणि एकोणीस वॉचमनला दिले. या वर्षी कळ्या पाडताना बोटं दुखतात. तुमच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक येतात हे मी सासूबाईंसमोर कधी मान्य केलं नव्हतं.

ता. क. ३ : नारळ हलवून पाहिला. पाणी अजून वाजतं, पण रोज थोडं कमी. एक नारळ एकट्या माणसाला संपत नाही. तो शनिवारच्या सामानात नाही, हे खालच्या यादीवरून दिसेलच.

श्रुतिका कोचरेकर हिच्याकडे शनिवारी सकाळी दिलं ते :

शाल, मरून, एक. (दुमडून. अत्तराचा वास दादांचा आहे, माझा नाही.)

हे पत्र.

समईचा पितळी दांडा, एक. तुमचा. गाद्यांची जाहिरात काढून, चिंचेने घासून दिला आहे. माझी बैठक आणि मोर इथे वेगवेगळे पडले आहेत. माझा दांडा आल्याशिवाय ते उभे राहणार नाहीत.

नारळ दिलेला नाही.

सही, मृ. साटम